जाम इंजिन: उघडण्याआधी तुम्ही काय पाहिलंत?

परवा शेजारचा मुलगा काकाच्या हिरो इम्पल्स मोटरसायकलच्या किकवर दोन्ही पायांनी उभा राहिलेला दिसला. गाडी चार पावसाळे शेडमध्ये, किक तसूभर हलत नव्हती. मी धावत जाऊन त्याला खाली उतरवलं. २०११ साली आलेली ही दीडशे सीसीची गाडी बंद होऊनही बराच काळ लोटला. कच्च्या रस्त्यासाठी तेव्हा आपल्याकडे दुसरं फारसं काही मिळत नव्हतं, त्यामुळे ज्यांच्याकडे आहे ते तिला जिवापाड जपतात. ती पायाच्या जोरापायी कायमची बसली असती तर मला झोप लागली नसती.

आधी न्यूट्रलमध्ये ढकलून पाहिली, चाकं फिरली. टॉप गिअर टाकला, मागचं चाक हाताने मागेपुढे झुलवलं, अडलं. प्लग काढून परत झुलवलं, तरी ढिम्म. मग मॅग्नेट कव्हरवरची मोठी टोपी काढली, क्रँकच्या नटावर गोटी पाना लावला आणि नट घट्ट होतो त्या दिशेने बेताचा जोर दिला. नाहीच. म्हणजे दोष किकचा नाही, सिलेंडरमध्ये पाणी-पेट्रोल भरलेलं नाही, इंजिननेच धरलंय. प्लगच्या भोकातून डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल) निम्मं-निम्मं ओतलं आणि रोज दोन वेळा पाना लावून नुसतं जोखत राहिलो. चौथ्या दिवशी पाना नखभर सरकला. करकर असा ओला आवाज आला आणि मुलाने माझा दंडच पकडला. पिस्टनच्या रिंगा गंजाने लायनरला, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या नळीला, चिकटल्या होत्या.

तुमची जुनी मातीतली गाडी जाम झाली तेव्हा कारण कसं सापडलं? सविस्तर लिहा. जिथे चुकलात तेही लिहा, कारण दुसऱ्याचा ब्लॉक (सिलेंडर) त्यानेच वाचतो.

कोल्हापूर, यामाहा आरएक्स १००

डर्ट ट्रॅकसाठी हलकी केलेली माझी आरएक्स एका वर्षात तिसऱ्यांदा जाम झाली तेव्हाची गोष्ट. सरळ पट्ट्यावर थ्रॉटल पूर्ण उघडा होता. आवाज एकदम बारीक, कोरडा झाला आणि मागचं चाक घासायला लागलं. बोटं क्लचवरच होती म्हणून पडलो नाही. टू स्ट्रोक चालवणाऱ्याने ही सवय लावूनच घ्यावी.

पंधरा मिनिटांनी किक आपोआप खाली गेली. पिस्टन ॲल्युमिनियमचा, लायनर बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट फुगतं, म्हणून पिस्टन लायनरमध्ये अडकतो आणि गार झाला की सुटतो. इथेच माणूस फसतो. सुटली म्हणून परत चालवतो.

आधीच्या दोन्ही वेळी मेकॅनिक म्हणाला ऑइल कमी पडलं, आणि ब्लॉक बोअर करून (आतून थोडा मोठा कोरून) पुढच्या साइजचा पिस्टन टाकला. या वेळी मी हेडला हातच लावला नाही. सायलेन्सरचे दोन नट काढले, एक्झॉस्टच्या तोंडातून बॅटरी मारली आणि किक हाताने हळूहळू दाबत पिस्टन वर-खाली नेला. पिस्टनच्या अंगावर उभे, चकचकीत ओरखडे होते, नखाला लागतील इतके खोल. प्लगचं टोक चहाच्या रंगाचं असायला हवं, ते पांढरट पडलं होतं आणि त्यावर टाचणीच्या टोकाएवढे करडे ठिपके होते. ते ठिपके म्हणजे पिस्टनचंच वितळलेलं ॲल्युमिनियम.

पण टूटी (टू स्ट्रोकच्या) ऑइलची टाकी भरलेली होती, पंप व्यवस्थित ऑइल देत होता. मग पांढरा प्लग कशाने? तेव्हा आठवलं की आठवडाभर थ्रॉटल सोडला तरी इंजिन लगेच खाली बसत नव्हतं, उगाच रेस होऊन राहत होतं. म्हणजे कुठूनतरी जादा हवा आत जात होती, आणि हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून इंजिन तापत होतं. इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडं रबराने बंद केली, सायकलच्या पंपाने अगदी थोडी हवा भरली आणि सगळीकडे साबणाचं पाणी लावलं. मॅग्नेटच्या बाजूला क्रँकच्या ऑइल सीलवर फेस आला. जुनं रबर दगडासारखं कडक झालं होतं. या गाड्या १९९६ नंतर बनलेल्याच नाहीत, त्यामुळे सील कधी बदललं ते माहीत नसेल तर बदलायचं राहिलंय असंच धरा. एवढ्याशा रबरापायी माझा ब्लॉक दोनदा बोअर झाला, आणि मूळ मापाचा ब्लॉक आता शोधूनही सापडत नाही. ते दुःख मोठं आहे.

पनवेल, रॉयल एनफिल्ड हिमालयन ४११, पहिल्या वर्षांतली

स्पितीहून परतताना बातल ते छत्रू दरम्यान दुपारी ओढ्यात गाडी पडली. दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं, सकाळीच निघायला हवं होतं. इंजिन एका झटक्यात बंद पडलं. बटण दाबलं तर फक्त ‘टक्’. सोबतचे म्हणत होते, मार परत सेल्फ. मी एकदा मारला, आणि तीच चूक.

सिलेंडरमध्ये पाणी शिरलं होतं, आणि पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. प्लग काढून सेल्फ मारला तेव्हा भोकातून पिचकारी उडाली (चेहरा बाजूला ठेवा) आणि इंजिन मोकळं फिरलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण ऑइलच्या काचेत दुधाच्या चहाचा रंग दिसत होता, म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळलं होतं. ते पाहून गाडी पिकअपमध्ये चढवली. घरी आल्यावर प्लगच्या भोकातून बारीक दांडी घालून पिस्टन सगळ्यात वर असताना खूण केली, मग मित्राच्या अशाच गाडीत तीच दांडी घातली. माझा पिस्टन दोनेक मिलिमीटर खाली थांबत होता. पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकला होता. मोकळं फिरतंय म्हणून तसाच मनालीपर्यंत आलो असतो तर केस फुटली असती.

सावंतवाडी

वरच्या अनुभवाला जोडून: त्यासाठी ओढाच लागतो असं नाही. कार्बोरेटरची फ्लोट सुई (भरल्यावर पेट्रोल थांबवणारी) अडकली आणि पेट्रोलचा कॉक चालू राहिला तर रात्रभरात पेट्रोल सिलेंडरमध्ये उतरतं. सकाळी किक दगड. ऑइलची पातळी वाढली असेल आणि डिपस्टिकला पेट्रोलचा वास असेल तर ऑइल बदलल्याशिवाय सुरू करू नका.

नाशिक

माझी गाडी फिरायची, पण एका जागी येऊन ‘खट्’ करून थांबायची. उलटी फिरवली तरी पलीकडून त्याच जागी खट्. गंजाने धरलेलं इंजिन असं ठरावीक जागी थांबत नाही. कार्बोरेटर काढून ठेवला असताना इनटेकमध्ये छोटा नट पडला होता आणि पिस्टन वर आला की हेडला भिडत होता. फोर स्ट्रोकमध्ये टायमिंग चेन घसरून व्हॉल्व्ह पिस्टनला लागले तरी असंच होतं, तेव्हा जोर लावून ‘पार’ करू नका. कार्बोरेटर काढलात की त्या भोकात आधी स्वच्छ फडकं कोंबा.

पर्थ, ऑस्ट्रेलिया

इथे एकाने होंडा एक्सआर ६००आर ‘इंजिन जाम’ म्हणून स्वस्तात विकायला काढली होती. ५९१ सीसीचा एकच सिलेंडर, सेल्फ नाही, फक्त किक. मी प्लगपाना खिशात घालूनच गेलो. प्लग काढला, किक लोण्यासारखी खाली गेली. परत लावला, भिंत. मग किकपासून हेडकडे जाणारी डीकम्प्रेशनची केबल पाहिली, टोकाला तुटलेली. किक मारताना हीच केबल व्हॉल्व्ह किंचित उघडून दाब कमी करते. विकणाऱ्याला तिथेच दाखवून दिली, गप्प राहणं बरं वाटलं नाही. त्याने गाडी विकली नाही. गेल्या रविवारी आम्ही दोघे बरोबर चालवून आलो.

धागाकर्ता

इम्पल्सचं हेड काल उतरवलं. लायनरवर रिंगांच्या जागी दोन तपकिरी कडी उमटली आहेत. बारीक पेपर आणि ऑइलने घासल्यावर वरचं जवळजवळ गेलं, खालचं अजून नखाला लागतं. लेथवाल्याकडे उद्या माप घेणार आहोत. पिस्टन वर्तमानपत्रात गुंडाळून मुलाने घरी नेलाय.