‘सत्याग्रह’ आणि ‘धरणे’ : धरायचं कुणाला?

प्रश्न : बातम्यांत ‘कर्मचाऱ्यांचा सत्याग्रह’, ‘धरणे’, ‘उपोषण’ हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. त्यांच्या अर्थांमध्ये काही फरक आहे का?

उत्तर : आहे, आणि तो पुसला जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

गंमत अशी की व्युत्पत्तीनं ‘सत्याग्रह’ आणि ‘धरणे’ हे दोन्ही शब्द सख्खे शेजारी. ‘आग्रह’मधला ‘ग्रह्’ धातू म्हणजे धरणेच. पण धरायचं कुणाला? पूर्वी सावकार कर्जदाराच्या दारात ‘धरणे धरून’ बसायचा, उपाशी राहायचा. तिथे धरलेला असतो समोरचा माणूस. सत्याग्रहात सत्य धरायचं आणि ते सुटू नये म्हणून आधी स्वतःला आवरायचं.

हा शब्द दक्षिण आफ्रिकेत घडला. तिथल्या भारतीयांच्या लढ्याला ‘पॅसिव्ह रेझिस्टन्स’ (निष्क्रिय प्रतिकार) म्हणत. ते दुबळ्यांचं हत्यार समजलं जाई, त्यात द्वेषालाही जागा होती. म्हणून गांधीजींनी ‘इंडियन ओपिनियन’ या आपल्या पत्रातून बक्षीस लावून नवा शब्द मागवला. मगनलाल गांधींनी ‘सदाग्रह’ सुचवला आणि बक्षीस मिळवलं. अर्थ अधिक स्पष्ट व्हावा म्हणून गांधीजींनी त्याचा ‘सत्याग्रह’ केला.

आपल्या मराठी कानाला मात्र ‘आग्रह’ म्हटलं की पंगत आठवते. माझी आजी ताटावर आडवा हात धरला तरी बोटांच्या फटीतून पुरणपोळी सोडायची. त्या आग्रहात माया असते, पण जोर दुसऱ्यावरच. त्या सवयीनंच आपण ‘सत्याग्रह’चा अर्थ ‘मागणी लावून धरणे’ असा करून बसलो असू.

धरण्याविषयी गांधीजींचं मत स्पष्ट होतं. 1921 साली कलकत्त्याच्या काही विद्यार्थ्यांनी धरणं धरून इतरांची वाट अडवली, तेव्हा ‘यंग इंडिया’ या आपल्या साप्ताहिकात त्यांनी त्याला रानटी आणि भ्याड म्हटलं. आपल्याला कुणी तुडवून जाणार नाही, हे अडवणाऱ्याला ठाऊक असतं.

प्रश्न : मग उपोषणसुद्धा दडपणच नाही का?

उत्तर : असू शकतं, आणि हे खुद्द गांधीजींनीच कबूल केलंय. 1918 मध्ये अहमदाबादच्या गिरणी कामगारांच्या संपात त्यांनी उपास केला. तो कामगारांचा निर्धार ढळू नये म्हणून होता. पण मालकांशी त्यांचा घरोबा होता, त्यामुळे उपासाचा भार मालकांवर पडला. हा दोष त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवलाय. स्वतःचाच शब्द स्वतःच्या वागण्याला लावून बघणारा असा माणूस विरळा.

म्हणून वापरताना मी इतकंच बघतो : वाट अडवून बसले असतील तर ‘धरणे’ किंवा ‘ठिय्या’, अन्न सोडलं असेल तर ‘उपोषण’. ‘सत्याग्रह’ कुठे शोभतो, याचा दाखला महाडचा घ्या. चवदार तळं नगरपालिकेनं ठरावानं आधीच सर्वांना खुलं केलं होतं. 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले. कुणाची वाट अडवली नाही. ओंजळीनं पाणी घेतलं आणि प्यायले.