मदत हवी आहे : लंडनमधील प्रॉम्स आणि ज्येष्ठ श्रोते

येत्या ऑगस्टअखेरीस आई-बाबा पुण्याहून लंडनला येत आहेत आणि त्यांना रॉयल अल्बर्ट हॉलमधील प्रॉम्सची (पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या उन्हाळी महोत्सवाची) एक तरी मैफल ऐकवावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. 1895 साली क्वीन्स हॉलमध्ये सुरू झालेला आणि 1941 च्या बॉम्बहल्ल्यात ते सभागृह नष्ट झाल्यावर इथे स्थिरावलेला हा महोत्सव आजही उभ्याने ऐकणाऱ्यांसाठी स्वस्त तिकिटे राखून ठेवतो, हे मला फार मोलाचे वाटते. मात्र सवाई गंधर्वला भारतीय बैठकीवर तासन्‌तास रमणाऱ्या बाबांचे गुडघे आता दुखतात. रंगमंचासमोरच्या ॲरीनात किंवा अगदी वरच्या गॅलरीत, म्हणजे या उभ्याच्या जागांवर, सतरंजी अंथरून बसू देतात का? की सरळ खुर्चीचे तिकीट काढावे, आणि काढल्यास कोणत्या बाजूने व्हायोलिनवादकांचे हात नीट दिसतील?

शिवाय महिनाअखेरच्या रविवार-सोमवारी नॉटिंग हिल कार्निव्हल हा कॅरिबियन पद्धतीचा रस्त्यावरचा उत्सव असतो. आईला तेथील स्टीलपॅन (पोलादी पिंपापासून बनवलेले वाद्य) वादन ऐकायचे आहे. तेव्हा कमी गर्दीची वेळ आणि जवळचे सोयीचे स्टेशन कोणते, हे अनुभवी मंडळींनी कृपया कळवावे.