कोडी कमी, पण पटावर मांडून

रोज बुद्धिबळाची पन्नास कोडी सोडवूनही राजा आणि प्यादीच उरली की जिंकत आलेला डाव हातचा जातो, अशी एका खेळाडूची तक्रार आहे. माझंही तेच व्हायचं. मोबाईलवरची बरीचशी कोडी 'मोहरं द्या, मात करा' छापाची असतात. डावाच्या शेवटाला लागते ती घरं मोजायची सवय.

रिचर्ड रेटी या बुद्धिबळपटूचं १९२१चं कोडं खऱ्या पटावर मांडा. पांढरा राजा एच८ (अक्षर उभ्या रांगेचं, आकडा आडव्या रांगेचा), प्यादं सी६. काळा राजा ए६, प्यादं एच५. खेळी पांढऱ्याची, साधायची बरोबरी. काळं प्यादं हाताला लागणं अशक्यच वाटतं. पण पांढरा राजा जी७, एफ६, ई५ असा तिरका उतरतो आणि एकाच वाटेत दोन कामं करतो. काळा राजा सी६ खायला गेला, तर पांढरा राजा एफ४वरून काळं प्यादं गाठतो. काळं प्यादं पळत सुटलं, तर डी६वर येऊन आपलं प्यादं वजिरापर्यंत नेतो. तिरकं गेलं तरी खेळ्या वाढत नाहीत, हे तेव्हा डोक्यात शिरलं (चहा गार झाला होता).

उत्तर लगेच बघू नका. प्रतिस्पर्ध्याच्या दोन्ही खेळ्या आधी कागदावर लिहा, मगच मोहरं हलवा. अशी दिवसाला तीनच कोडी झाली तरी चालतील.