मेल सर्व्हरसाठी डिस्क : मोठ्या घ्याव्यात की वेगवान?

प्रश्न
आमचा मेल सर्व्हर पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा प्रोग्राम) आणि डव्हकॉट (खातेदारांना मेल दाखवणारा प्रोग्राम) यांवर चालतो. ३०० खाती असून मेल मेलडिर पद्धतीने साठवले जातात. ७२०० आरपीएमच्या (मिनिटाला ७२०० फेऱ्या), प्रत्येकी १ टीबीच्या चार डिस्क रेड ५ मध्ये (एक डिस्क बिघडली तरी डेटा वाचेल अशा जोडणीत) आहेत आणि २.२ टीबी जागा भरली आहे. सकाळी सगळे एकदम मेल पाहू लागले की इनबॉक्स उघडायला फार वेळ लागतो, प्रोसेसर मात्र त्या वेळी जवळजवळ रिकामाच असतो. आता ४ टीबीच्या डिस्क घ्याव्यात का?

उत्तर १
त्याने जागा वाढेल, दुखणे तसेच राहील. मेलडिरमध्ये प्रत्येक मेल ही स्वतंत्र फाइल असते, त्यामुळे डिस्कच्या हेडला सतत इकडून तिकडे धावावे लागते, आणि ७२०० आरपीएमची डिस्क, तिची क्षमता कितीही असो, सेकंदाला साधारण ७५ ते १०० अशा विखुरलेल्या क्रियाच करू शकते. त्यातही रेड ५ वर एक छोटे लेखन म्हणजे जुना डेटा आणि जुनी पॅरिटी (बिघडलेल्या डिस्कचा डेटा परत मिळवण्यासाठीची जादा माहिती) वाचून दोन्ही नव्याने लिहिणे, अशा चार क्रिया होतात. रेड १० वर, म्हणजे डेटाची प्रत्येक प्रत दोन डिस्कवर ठेवणाऱ्या जोडणीत, त्या दोनच असतात. सकाळच्या वेळी आयओस्टॅट (डिस्कचे काम मोजणारी आज्ञा) चालवून अवेटचा, म्हणजे डिस्कच्या एका क्रियेला लागणाऱ्या सरासरी वेळेचा, आकडा पाहावा.

प्रश्नकर्ता
पाहिला. अवेट ९० मिलिसेकंदांच्या वर जातो. याच डिस्कवर रेड १० केले तर?

उत्तर २
मग वापरण्याजोगी जागा २ टीबीच उरेल आणि तुमचे २.२ टीबी मावणार नाहीत. ३.८४ टीबीच्या दोन एसएसडी (फिरती तबकडी नसलेल्या डिस्क) घेऊन रेड १ (दोन्हींवर तोच डेटा, म्हणजे आरसा) करावे, पण वीज गेल्यावरही कॅशमधला (डिस्कच्या तात्पुरत्या साठ्यातला) डेटा वाचवणारे कपॅसिटर असलेल्या, सर्व्हरसाठीच्याच घ्याव्यात. मेल डिस्कवर पक्का लिहिला गेल्याशिवाय, म्हणजे एफसिंक पूर्ण झाल्याशिवाय, पोस्टफिक्स समोरच्या सर्व्हरला "२५०" हे पोच-उत्तर देत नाही. घरगुती एसएसडी नेमक्या इथेच अडखळतात, कारण दर एफसिंकला त्यांना कॅश रिकामी होईपर्यंत थांबावे लागते. (जाहिरातीतला वेग पाहून मीही एकदा फसलो आहे.)

उत्तर १
सहमत. जुन्या डिस्क दुसऱ्या यंत्रात बसवून बॅकअपसाठी वापराव्यात. तिथे रेड ५ चालेल. चुकून पुसलेला मेल आरशातल्या दोन्ही डिस्कवरून एकदमच पुसला जातो, म्हणून बॅकअप वेगळा हवाच.