'कुठून बोलताय?'चं उत्तर सक्तीचं होतंय, स्कोअरचं काय? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी डिचोलीची. पर्वरीतल्या एका कॉल सेंटरमध्ये अमेरिकन प्रोसेसवर आहे, घरगुती उपकरणांची वॉरंटी. लॉगिन संध्याकाळी साडेसहाला, न्यूयॉर्कला तेव्हा सकाळचे नऊ (हिवाळ्यात आमचं एक तास उशिरा).

आजवर कुणी जागा विचारली की स्क्रिप्टमधली ओळ म्हणायची: "आमची टीम बऱ्याच ठिकाणी आहे." आता टीम लीडर म्हणतात, पुढच्या महिन्यापासून कॉलच्या सुरुवातीलाच "गोवा, इंडिया" सांगा, आणि ग्राहकाने मागितलं तर कॉल अमेरिकेतल्या एजंटकडे द्या. क्लायंट कायद्याच्या आधीच तयारीला लागलाय म्हणे. जुलै 2025 मध्ये गॅलेगो आणि जस्टिस या दोन सिनेटरांनी तिथे असं विधेयक मांडलं. एक डेमोक्रॅट, एक रिपब्लिकन. समोर एआय बोलत असेल तर तेही सांगावं लागेल. मागणी जुनीच आहे, तेव्हाचे सिनेटर जॉन केरींनी 2003 मध्ये असंच विधेयक आणलं होतं.

जागा सांगायला माझी अजिबात हरकत नाही. आपला पत्ता आणि कार्ड नंबर कुठे चाललाय हे माणसाला कळायलाच हवं. मागे एका आजींचा फ्रीज बंद पडला होता, आत इन्सुलिन. मी दुरुस्तीवाल्याच्या भेटीसाठी दुसऱ्या दिवशीचा सकाळचा स्लॉट उघडून ठेवला होता, नुसतं कन्फर्म करायचं बाकी. त्यांनी विचारलं, "आधी सांग, तू आहेस कुठे?" मी तीच ओळ म्हटली. पुन्हा विचारलं, पुन्हा तीच. "सांगत नाहीस म्हणजे काहीतरी लपवतेस," म्हणाल्या आणि फोन ठेवला. मी उलट फोन करू शकत नव्हते, आमच्या प्रोसेसला आउटबाउंड नाही. खरं सांगण्याची मुभा असती तर तो स्लॉट बुक झाला असता, असं मला अजून वाटतं.

पण "इंडिया" ऐकताच ट्रान्सफर मागणारेही असणारच. तो कॉल माझ्याकडे 'न सुटलेला' म्हणून पडतो, सीसॅट (ग्राहक-समाधानाचा स्कोअर) घसरतो आणि इन्सेंटिव्ह जातो. घराचा हप्ता त्यावर चालतो. टीम लीडर म्हणतात, "बघू."

कुणाच्या प्रोसेसला हा नियम आधीच आला आहे का? अशा ट्रान्सफरचा हिशोब तुमच्याकडे कसा करतात? की मी आत्ताच चॅट किंवा बॅक ऑफिससाठी आयजेपी (कंपनीतल्याच दुसऱ्या जागेसाठी अर्ज) टाकू?

प्रतिसाद:

ताई, मी वेर्ण्याला क्वालिटीत (कॉल तपासणाऱ्या टीममध्ये) आहे. आयजेपीची घाई नको. आधी 'जागेमुळे ट्रान्सफर' असा वेगळा डिस्पोझिशन कोड (कॉल कसा संपला याची नोंद) मागा. कोड असला की ते कॉल स्कोअरमधून वगळता येतात. नसला तर सगळं एजंटच्या माथी. कॉलनंतरचा ग्राहकाचा सर्व्हे कुणाच्या नावावर जाणार तेही विचारा, आणि पलीकडचा एजंट येईपर्यंत लाइनवर थांबायचं असेल तर तो वेळ एएचटीत (दर कॉलच्या सरासरी वेळेत) धरणार का, हेही. उत्तर तोंडी घेऊ नका, ईमेलवर घ्या. चारपाच जणांनी मिळून विचारलंत तर "बघू"वर भागणार नाही. आणि हो, शहर आणि देश पुरे. इमारत, गाव, घर कुणी विचारलं तर काय म्हणायचं ती ओळही स्क्रिप्टमध्ये लिहून घ्या, विशेषतः रात्रपाळीच्या मुलींसाठी.