किनारी रस्त्याने मुलीसोबत प्रवास : टेकड्यांवरचे रेडिओ-थांबे कसे आखावेत?

प्रश्न

माझी दहा वर्षांची मुलगी आणि मी सुट्टीत समुद्राकाठच्या रस्त्याने मोटारीने जाणार आहोत. वाटेत लागणाऱ्या टेकड्या चढून तिथून हौशी रेडिओवर (छंद म्हणून परवाना घेऊन चालवायच्या बिनतारी संचावर) इतर हौशी केंद्रांशी संपर्क साधायचा आमचा बेत आहे. परवाना माझ्याकडे आहे, तिच्याकडे नाही. पण घरी मी संच लावला की ती शेजारी येऊन बसते आणि खरखरीतूनही समोरच्याची कॉल साइन (केंद्राचे अक्षर-अंकी ओळखचिन्ह) पुष्कळदा माझ्याआधी ओळखते. सोबत पाच वॉटचा, हातात धरायचा व्हीएचएफ हँडहेल्ड आणि एक लहान एचएफ (३ ते ३० मेगाहर्ट्झच्या लघुलहरींचा) संच असेल. दिवसाला किती टेकड्या घ्याव्यात, कोणता बँड (फ्रिक्वेन्सीचा पट्टा) वापरावा आणि तिला नुसते बघत बसावे लागू नये म्हणून काय करावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर १

दिवसाला एकच टेकडी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. चढण तासाभराची असली तरी खांब उभा करणे, अँटेनाची तार ताणणे, संपर्क घेणे आणि सगळे नीट गुंडाळून ठेवणे यात बराच वेळ जातो. आणि पुढची टेकडी डोक्यात असली की मुलीच्या हातातले काम आपण नकळत आपल्या हातात घेतो.

२००२ साली सुरू झालेल्या ‘समिट्स ऑन द एअर’ म्हणजेच ‘सोटा’ या, शिखरांवरून हौशी रेडिओ चालवण्याच्या उपक्रमात शिखराची नोंद करायची असेल, तर गुण मिळण्यासाठी चार वेगवेगळ्या केंद्रांशी संपर्क व्हावा लागतो आणि जमिनीवरच्या रिपीटरमार्फत (सिग्नल पकडून पुन्हा प्रसारित करणाऱ्या केंद्रामार्फत) झालेले संपर्क धरले जात नाहीत. संच मोटारीच्या बॅटरीवर चालवता येत नाही. सगळे सामान स्वतः वाहून न्यावे लागते. ऐन माथ्यावर गर्दी किंवा जोराचा वारा असल्यास साधारण २५ मीटर खाली, आडोशाला बसलेले चालते, आणि मूल सोबत असताना ही सवलत जरूर घ्यावी.

टेकडी निवडताना उंचीपेक्षा तिच्यावरून काय दिसते हे अधिक महत्त्वाचे आहे. व्हीएचएफच्या (३० ते ३०० मेगाहर्ट्झच्या) लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. उंचीच्या मीटरांचे वर्गमूळ काढून त्याला ४.१२ ने गुणले की रेडिओ-क्षितिजाचे किलोमीटरमधले अंतर मिळते. १०० मीटरच्या टेकडीवरून ते सुमारे ४१ किलोमीटर येते आणि ४०० मीटरवरून सुमारे ८२. म्हणजे उंची चौपट झाली तेव्हा कुठे अंतर दुप्पट झाले. हे गणित नकाशा पुढ्यात ठेवून मुलीलाच करू द्यावे. किनाऱ्यावरच्या टेकडीचे अर्धे क्षितिज समुद्राचे असते आणि तिकडून उत्तर द्यायला बहुधा कोणी नसते, त्यामुळे जिच्यावरून एखादे मोठे शहर थेट दिसते ती बुटकी टेकडीसुद्धा एकाकी उंच कड्यापेक्षा सरस ठरते.

उत्तर २

वरील मताशी मी सहमत आहे. मात्र समुद्राची बाजू वाया जाते, हे दर वेळी खरे नसते. हवा स्थिर असेल आणि पाण्यालगतच्या थंड, दमट थरावर उबदार, कोरडी हवा पसरलेली असेल, तर व्हीएचएफच्या लहरी त्या थरात अडकून समुद्रावरून शेकडो किलोमीटर जातात. १९५७ साली कॅलिफोर्निया आणि हवाई यांच्यात १४४ मेगाहर्ट्झवर झालेला संपर्क याच कारणाने शक्य झाला. अशा दिवशी फार उंच जाऊ नये, कारण माथा त्या थराच्या वर निघाला तर खालच्या भूशिरावर ऐकू येणारी केंद्रे तिथे ऐकूच येत नाहीत.

एचएफसाठी १४ मेगाहर्ट्झचा बँड दिवसा उपयोगी पडतो. अर्ध्या तरंगलांबीची तार जेमतेम दहा मीटरची होते आणि सहा मीटरच्या, एकात एक सरकणाऱ्या फायबरच्या खांबावरून ती तिरकी ताणता येते. खांब धरणे आणि तारेचे टोक घेऊन चालत जाणे ही कामे मुलीची. लॉगबुकही तिच्याकडेच द्यावे : यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ, फ्रिक्वेन्सी, कॉल साइन, दिलेला आणि मिळालेला रिपोर्ट (सिग्नल किती स्पष्ट आला, ते). तिचा कान आपण म्हणता तसा तयार असेल, तर तिने कॉल साइन टिपावी आणि आपण ती परत उच्चारून खात्री करून घ्यावी. चार संपर्क जमवण्याच्या घाईत ही वाटणी मोडू नये.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. तिला प्रत्यक्ष माइकवर बोलू देता येईल का? आणि ज्या दिवशी चढायचे त्राण नसेल, त्या दिवशी काय करावे?

उत्तर ३

बोलण्याचा नियम देशागणिक वेगळा आहे. काही ठिकाणी परवानाधारक शेजारी बसून संच स्वतःच्या ताब्यात ठेवणार असेल तर विनापरवाना व्यक्तीला बोलता येते, काही ठिकाणी ते फक्त ठरावीक देशांशी चालते, तर काही ठिकाणी मुळीच चालत नाही. आपल्या परवान्याच्या अटी निघण्यापूर्वी वाचाव्यात. परवानगी असल्यास पहिला संपर्क ओळखीच्या हॅमशी (हौशी रेडिओचालकाशी) वेळ ठरवून करावा, म्हणजे समोरचा माणूस थांबून, सावकाश बोलेल आणि तिला उत्तर द्यायला अवसर मिळेल.

दमलेल्या दिवशी सरळ वाळूवर थांबावे. समुद्राचे पाणी साध्या जमिनीपेक्षा कित्येक पटींनी चांगले वाहक असल्यामुळे पाण्याच्या अगदी कडेला उभ्या केलेल्या व्हर्टिकल अँटेनाची शक्ती क्षितिजाच्या दिशेने, कमी कोनात जाते आणि थोड्या वॉटमध्येही दूरची केंद्रे हाती लागतात. तीच अँटेना पाण्यापासून दूर, रस्त्याकडेला लावून सिग्नल किती पडतो, हे मुलीला ऐकवण्यासारखे आहे. खाऱ्या हवेने कनेक्टर लवकर गंजतात, म्हणून रोज रात्री ते कोरड्या फडक्याने पुसावेत.

एका बाबतीत मात्र तडजोड नको. उघड्या माथ्यावर उभा केलेला खांब विजेला आमंत्रण देतो. वीज दिसल्यापासून ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वादळ दहा किलोमीटरच्या आसपास असते. गडगडाट कानावर पडताच संपर्क अर्धवट सोडून खाली उतरावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे मोटारीतच बसून राहावे. चौथा संपर्क राहिला असला तरीही.