बंदराच्या गावाला गेलेले कोणी आहे का इथं? लिहा अनुभव

वऱ्हाडी पाहुणा : आज खांदशेकणी, उद्या पोळा. बैल धुता धुता हर्णै आठवलं, दापोलीकडचं. आपला बैल नदीत उतरायला नखरे करतो, तिथं गाडीसकट समुद्रात! होड्या काठाला लागत नाहीत, म्हणून मासळी बैलगाडीनं आणतात, मग संध्याकाळी वाळूतच लिलाव. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, पण मी बैलच पाहत होतो, घरचे वैतागले. तुमचंही लिहा.

पांढरं सोनं : खाऱ्या पान्यानं खुरं खराब नाही होत का बाप्पा?

वऱ्हाडी पाहुणा : विचारलं होतं भाऊ. गाडीवान म्हणे रोज गोड्या पाण्यानं धुतो.

तलावकाठची : आम्ही भंडाऱ्याचे. मामा (माजी मालगुजारी) तलावातली रोहू-कतला खाऊन वाढलो, मासोळीतलं मला सगळं समजते असा तोरा. तिथं पापलेट सोडून एक ओळखू येईल तर शपथ! सावजी मसाला नेलेला, खानावळवाल्या काकूंनी वास घेतला अन् हसून परत दिला. आमची माय समुद्र पाहून म्हणे, "एवढं पानी, अन् ओलिताले कामाचं नाही."

पांढरं सोनं : मायले दंडवत 😂

मास्तर : शाळेची सहल, जंजिरा. राजपुरीहून शिडाची होडी. अगदी जवळ जाईस्तोवर दरवाजा दिसतच नाही. कलालबांगडी तोफ, भवती खारं पाणी अन् आत गोड्या पाण्याचा तलाव. सिद्दीकडून हा किल्ला मराठ्यांना कधीच घेता आला नाही, महाराजांनी जवळच पद्मदुर्ग बांधला, हे सगळं रंगवून सांगितलं. एक पोट्टा म्हणे, सर, शेगाव कवा लागन?

इतिहासवेडा : सुवर्णदुर्गाचंही सांगायचं ना जी. १७५५ मध्ये पेशव्यांनी इंग्रजांना सोबत घेऊन मराठा आरमाराचे सरदार तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. पुढच्याच वर्षी विजयदुर्गाला आंग्र्यांचं आरमार जळालं. हे ऐकून आमचे बाबा पेशव्यांवर असे चिडले की जेवतानाही तेच.

वर्धेची सून : पेरणीआधी मोकळे आहोत म्हणून जूनमध्ये निघू नका. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, लिलाव कुठचा? दिवाळीनंतर छान. पण तेव्हा आपली कापूसवेचणी. घ्या, झाली सहल!

पांढरं सोनं : जायचं कसं पन?

मास्तर : विदर्भ एक्सप्रेसनं मुंबई, पुढं कोकण रेल्वेनं खेड, मग दापोलीची बस.

पांढरं सोनं : बोंडअळी दिसली का कोनाले औंदा?

तलावकाठची : आमच्याकडे धान हाय भाऊ.

वर्धेची सून : अळीचे पतंग धरायचे कामगंध सापळे लावले का? उद्या फोटो टाका, पाहते.